आण्णांचं बुबुळ बदललंय. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून काय सांभाळू, आणि गोठ्यात कधी पाठवू?

राजारामपुरीची_लेक

नमस्कार. माझ्या वडिलांच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ बदललंय. आमचं गाव पन्हाळ्याच्या बाजूला. उसाची शेती आणि दोन म्हशी. काही हंगामांमागं तोडणीच्या वेळी उसाची पात डोळ्याला लागली आणि बुरशीची जखम झाली. औषधानं जखम भरली, पण बुबुळावर पांढरं फूल पडलं ते राहिलंच. शेवटी नंबर लागला आणि जानेवारीत इथं कोल्हापुरातच दान आलेलं बुबुळ बसवलं. सोळा टाके आहेत. परवा भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख आण्णांनी त्या डोळ्यानं वाचली तेव्हा आईला फोनवर बोलता येईना.

ऑपरेशननंतर आण्णा माझ्याकडंच आहेत. अँटिबायोटिकचे थेंब बंद झालेत. आता स्टेरॉइडचे पांढरे थेंब दिवसातून चार वेळा, आणि डोळा ओला ठेवायचे थेंब. शुगर आहे, गोळ्या चालू आहेत.

आता आण्णांना दुखत नाही, लाली गेली, दिसायला लागलंय. त्यामुळं रोज एकच, "मला गावाकडं सोड." तिकडं आई एकटी म्हशींचं करते आणि तिचे गुडघे गेलेत. त्यात चैत्र यात्रा तोंडावर आलीय. जोतिबाला आमच्या भावकीची सासनकाठी असते आणि आण्णा आजवर चुकलेले नाहीत. डॉक्टरांनी धूळ, पाणी आणि मार यांपासून जपायला सांगितलंय, पण जपायचं म्हणजे नेमकं किती आणि कधीपर्यंत, हे गर्दीत विचारायचं राहून जातं.

गोठ्यात कधीपासून जाऊ द्यायचं? डोक्यावरून अंघोळ कधी? धोका संपला असं कधी म्हणायचं? आणि दुसऱ्याच्या डोळ्यातून काही रोग येतो का, असं आमची चुलती सारखी विचारते, तिला काय सांगू?

शिरोली_टर्नर

ताई, माझं बुबुळ बदलून बरीच वर्षं झाली. माझं दुखणं वेगळं होतं. बुबुळ पातळ होऊन टोकदार झालेलं, चष्म्यानं दिसत नव्हतं. शिरोली एमआयडीसीत लेथवर आहे, त्यामुळं धूळ, कूलंट, लोखंडाची चूर सगळं रोजचंच. मी काय करतो ते सांगतो, बाकी जाणकार सांगतील.

थेंबांच्या वेळा मोबाईलच्या अलार्मवर. झोपताना प्लॅस्टिकचं शिल्ड, ते मी डॉक्टरांनी नको म्हणेपर्यंत सोडलं नाही, कारण झोपेत हात कुठं जाईल सांगता येत नाही. कामावर बाजूनं बंद असलेला गॉगल. गाडीवर हेल्मेटची काच खाली. उचगावच्या बाजूनं येताना उसाच्या ट्रॉल्यांतून पाचट उडत असतं, तेव्हा तर काच वर करतच नाही.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. दुसऱ्या वर्षी एक दिवस सकाळी उठल्यावर डोळ्यात केस गेल्यासारखं वाटलं. दुखत नव्हतं. पापणी मिटली की टोचायचं, उघडली की बरं. बायको म्हणाली कामाला जाऊ नका, आधी दाखवून या. डॉक्टरांनी मशीनला हनुवटी टेकायला लावून बघितलं, तर एक टाका सैल होऊन त्याचं टोक वर आलेलं आणि त्याला चिकट पांढरं लागलेलं. भुलीचा थेंब टाकला, बारीक चिमट्यानं टाका ओढून काढला. चहा संपायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात झालं. वर अँटिबायोटिकचे थेंब दिले. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर तसाच राहिला असता तर त्याच वाटेनं जंतू आत शिरले असते. दुसऱ्या वर्षी, बरं का. तेव्हा मला वाटत होतं की आता सगळं झालं.

मंगळवारपेठ_सिस्टर

बाळ, मी डोळ्यांच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. मी डॉक्टर नाही. तुझ्या आण्णांचा डोळा ज्यांनी शिवलाय त्यांचा शब्द शेवटचा. पण घरी काय बघायचं हे मी पेशंटच्या लेकी-सुनांना आयुष्यभर शिकवलंय, ते तुलाही सांगते.

वरच्या भावानं सांगितलं तिथूनच सुरू करते, कारण सगळी मेख तिथंच आहे. लोक पहिला आठवडा जिवापाड जपतात, आणि लाली गेली की सुटतात. माझ्या पाहण्यात जंतुसंसर्ग घेऊन परत येणारे पेशंट पुष्कळदा महिन्यांनी यायचे, लाली गेल्यावर, सगळं बरं झालंय असं घरादाराला वाटत असताना. का, ते समजून घे.

बुबुळ म्हणजे डोळ्याची समोरची काच, घड्याळावर असते तशी. पारदर्शक राहायचं म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नसतात. मधोमध जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. रक्त नाही म्हणून तिथली जखम फार सावकाश भरते. हाताचे टाके आठवड्या-दीड आठवड्यात निघतात, बुबुळाचे वर्षभर, कधी त्याहून जास्त ठेवावे लागतात. धागा केसापेक्षाही बारीक नायलॉनचा. त्याच्या गाठी आत पुरलेल्या असतात. जखम भरत आली की ती आकसते आणि टाके एकेक करून सैल व्हायला लागतात. सैल टाक्यावर चिकट स्राव अडकतो, त्यात जंतू वाढतात आणि टाक्याच्या भोकातून बुबुळात शिरायला त्यांना तयार वाट मिळते.

आणि त्याच काळात स्टेरॉइड चालू असतं. शरीरानं परकं बुबुळ नाकारू नये म्हणून ते लागतंच. पण ते डोळ्याची जंतूंशी लढायची ताकदही कमी करतं आणि लाली, सूज दाबून ठेवतं. वर शुगर. तिसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. बुबुळ कापताना त्याच्या नसा कापल्या जातात, त्यामुळं नव्या बुबुळाला फार दिवस नीट कळत नाही. आण्णा म्हणतात ना दुखत नाही, ते खरंच असेल. पण न दुखण्यावर विसंबू नकोस. तू स्वतः बघायचं.

कसं बघायचं ते सांगते. रोज सकाळी, तोंड धुवायच्या आधी, आण्णांना खिडकीशी बस म्हणावं. मोबाईलची बॅटरी समोरून नको, बाजूनं धर. बुबुळाच्या कडेनं टाके चाकाच्या आरांसारखे दिसतील. एखाद्या टाक्याला चिकट दोरा लोंबतोय का, टाक्याच्या मुळाशी पांढरा ठिपका आलाय का, पांढऱ्या भागात एकाच बाजूला लाली आहे का. मग दुसरा डोळा झाकून तेच कॅलेंडर त्याच जागेवरून वाचायला लाव. काल दिसत होतं ते आज पुसट झालं, उजेड खुपायला लागला, पाणी यायला लागलं, लाली आली, टोचलं किंवा दुखलं, यातलं एक जरी झालं तरी त्याच दिवशी दवाखाना. रविवार असो, पाडवा असो. "उद्यापर्यंत बघू" हे या डोळ्याला चालत नाही.

मेडिकलमधून लाल डोळ्याचे थेंब आणायचे नाहीत, आणि घरातले थेंब आपल्या मनानं वाढवायचे-कमी करायचे नाहीत. कारण ऐक. शरीर बुबुळ नाकारायला लागलं तरी डोळा लाल होतो, दिसायचं कमी होतं. जंतू शिरले तरी तसंच होतं. नाकारत असेल तर स्टेरॉइड वाढवावं लागतं. जंतू असतील तर ते वाढवल्यानं बुबुळ जातं. या दोन्हींतला फरक घरी बसून कुणालाच कळणार नाही. त्याला स्लिट लॅम्प, म्हणजे हनुवटी टेकून डोळा बघायचं ते मशीन लागतं, कधी खरवडून तपासणीला पाठवावं लागतं. म्हणून लाली बघून थेंब बंदही करू नकोस आणि वाढवूही नकोस, गाडी काढ. शेजारच्या पेशंटची चिठ्ठीही वापरायची नाही. ज्यांचं बुबुळ बुरशीची जखम चालू असतानाच बदलावं लागतं, त्यांच्या औषधांची मांडणी अगदी वेगळी असते. आण्णांनाही पूर्वी बुरशीच झाली होती, तेव्हा प्रत्येक नव्या डॉक्टरला हे आधी सांगायचं.

थेंब घालताना हात साबणानं धू, स्वच्छ कापडाला पूस. पांढरी बाटली दर वेळी हलव, औषध तळाशी बसतं, न हलवता घातलं तर नुसतं पाणी जातं. आण्णांची मान मागं, खालची पापणी ओढून खळगा कर, वरून एकच थेंब. डोळ्यात मावतोच एक थेंब, दुसरा गालावर येतो. बाटलीचं टोक पापणीला, पापणीच्या केसांना, बोटाला कशालाच लागू देऊ नकोस, लागलं तर ती बाटली बाद समज. मग डोळा हळूच मिटायचा, घट्ट नाही, आणि नाकाजवळचा कोपरा मिनिटभर बोटानं दाबून धरायचा. दुसरे थेंब पाच-दहा मिनिटांनी. बाटली फोडली ती तारीख पेनानं तिच्यावरच लिही, महिना झाला की औषध उरलं तरी टाकून दे. आणि आण्णांच्या खांद्यावरचा टॉवेल. आपल्याकडची माणसं त्यानंच घाम पुसतात, हात पुसतात, डोळेही पुसतात. तो आधी काढून घे. पापणीवरचा चिकटा उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसानं, नाकाकडून कानाकडं, एका बोळ्यानं एकदाच.

अंघोळ गळ्याखालून. केस धुवायचे तर मान मागं टाकून, डोळे मिटून, दुसऱ्यानं पाणी ओतायचं. डोक्यावरून कधी ते डॉक्टरांना विचार. नदी, विहीर, तलाव मात्र टाके असेपर्यंत विसरायचं. साध्या पाण्यात, नळाच्या सुद्धा, अकँथअमिबा नावाचा सूक्ष्म जीव असतो. क्लोरिनलाही तो दाद देत नाही आणि बुबुळात शिरला तर महिनोन्‌महिने उपचार चालतात. पंचगंगेत बुडी मारायची सवय असलेल्या माणसांना हे पटवणं कठीण जातं, पण पटवायचं.

आता गोठा. धूळ, शेण, वैरणीचा भुस्सा हे एक. माझी खरी भीती शेपटीची आहे. धार काढायला बसलेल्या माणसाचं तोंड बरोबर म्हशीच्या शेपटीच्या टप्प्यात येतं, आणि ती शेपटी शेणामुतानं माखलेली. फटका बसला तर जंतू तर जातीलच, पण जुन्या आणि नव्या बुबुळाची शिवण उसवू शकते. ती शिवण मूळच्या डोळ्याइतकी भक्कम कधीच होत नाही, टाके काढल्यावरही नाही. म्हणून धार काढणं आणि वैरण कापणं सध्या दुसऱ्याकडं दे. पुढं कधी परवानगी मिळाली तरी बाजूनं बंद असलेला गॉगल कायमचा, उसाच्या फडात तर नक्कीच. गावाकडं राहायला हरकत नाही असं डॉक्टर म्हणाले तरी आईला टाके बघायला शिकवल्याशिवाय पाठवू नकोस.

चुलतीला सांग, दान आलेल्या डोळ्याच्या वेळी दात्याचं रक्त एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस यांसाठी तपासतात, रेबीजसारख्या आजारानं गेलेल्याचे डोळे रोपणाला घेत नाहीत, आणि नेत्रपेढीत बुबुळाची तपासणी होते. तिथून संसर्ग येणं फार दुर्मिळ आहे. आणि फक्त बुबुळ बदललंय, सगळा डोळा नाही, हेही सांग, पुष्कळांना तसं वाटतं. पहिलं यशस्वी बुबुळरोपण १९०५ साली आज चेक देशात असलेल्या ओलोमोउट्स गावी झालं, एडुआर्ड झिर्म नावाच्या डॉक्टरांनी केलं. चुन्यानं डोळे भाजलेला मजूर होता तो. पेनिसिलिनचा शोध त्यानंतर १९२८ साली लागला. म्हणजे अँटिबायोटिक नसताना, निव्वळ स्वच्छतेवर ते बुबुळ टिकलं. आपल्या हाताशी तर आज सगळं आहे.

राधानगरीकर

सिस्टर, तुमच्या शब्दाला मान आहे. पण आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्या डोळ्यात मध घालतात. जंगलातला अस्सल मध, भेसळ नाही. आमच्या आजीला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर घातला होता, काही झालं नाही. आण्णांना झोपताना एक बोट लावलं तर आग कमी होईल असं वाटतं. वाईट हेतूनं सांगत नाही.

मंगळवारपेठ_सिस्टर

दादा, हेतू चांगलाच आहे, म्हणूनच स्पष्ट सांगते. नको. मध कितीही अस्सल असला तरी तो निर्जंतुक नसतो, आणि बोट तर नसतंच. आजीबाईंचं नशीब चांगलं. आण्णांच्या डोळ्यात सोळा टाक्यांची भोकं आहेत आणि वर स्टेरॉइड आहे. मध, एरंडेल, गुलाबपाणी, बाळंतिणीचं दूध, कांद्याचा रस, तूप, काजळ, या सगळ्यांनी वाया गेलेले डोळे मी बघितलेत. दान आलेलं बुबुळ सहजासहजी मिळत नाही. कुणाच्या तरी घरच्यांनी, माणूस जाऊन सहा तास व्हायच्या आत, रडं आवरून फोन केलेला असतो. ते एका बोटानं जाऊ देऊ नका.

राधानगरीकर

पटलं सिस्टर. घरातही सांगतो. आमच्या भावजयीचं पुढच्या महिन्यात मोतीबिंदूचं आहे, बरं झालं आधी विचारलं.

राजारामपुरीची_लेक

सगळ्यांचे आभार. सिस्टर, तुम्ही सांगितल्याप्रमाणं आज सकाळी बाजूनं बॅटरी धरून बघितलं. बाकीचे टाके सरळ दिसतात. खालच्या बाजूला, घड्याळात पाच वाजतात तिथं, एका टाक्याला बारीक चिकट तार लागलीय. पापणी हलली की ती हलते. लाली नाही, आण्णा म्हणतात काही होत नाही. कापसानं काढू का?

मंगळवारपेठ_सिस्टर

हात लावू नकोस. कापूस नको, पाणी नको. आजचे ठरलेले थेंब ठरल्या वेळीच, जास्तीचं काही नाही. शिल्ड लावून आत्ताच घेऊन जा. केस पेपर घे, सगळ्या बाटल्या पिशवीत घे, शुगरचा शेवटचा रिपोर्ट घे. खिडकीवर नुसतं "डोळा दाखवायचाय" म्हणू नकोस. "बुबुळ बदललेलं आहे आणि टाका सैल वाटतोय" असं सांग. हे शब्द ऐकले की रांगेत मागं ठेवत नाहीत.

शिरोली_टर्नर

ताई, सोबत कुणी नसेल तर सांगा. आज माझी सेकंड शिफ्ट आहे, दुपारपर्यंत मोकळा आहे.

राजारामपुरीची_लेक

जाऊन आलो. मिस्टर सोबत होते, तरी दादा तुमचे आभार. टाका सैलच होता. डॉक्टरांनी रंगाची पट्टी लावून निळ्या उजेडात बघितलं, बुबुळात पांढरं काही उतरलेलं नाही म्हणाले. टाका काढला. बाकीच्यांनी शिवण धरलीय म्हणून त्या जागी नवा घालायची गरज नाही. अँटिबायोटिकचे थेंब परत चालू केलेत, स्टेरॉइड आहे तेवढंच. दोन दिवसांनी परत बोलावलंय.

आज गर्दी असूनही मी सगळं विचारून घेतलं. टाके असेपर्यंत गोठा आणि फड बंद, डोक्यावरून पाणी एवढ्यात नाही. यात्रेचं विचारल्यावर त्यांनी सरळ नाही सांगितलं. गुलाल हवेतच इतका असतो की गॉगलनं भागत नाही, आणि त्या गर्दीत कुणाचं कोपर लागेल सांगता येत नाही. आण्णा घरी येईपर्यंत बोलले नाहीत. मग स्वतःच भावाला फोन लावून म्हणाले, यंदा काठीला तू खांदा दे. आईच्या मदतीला चुलतभाऊ दोन्ही वेळच्या धारा काढतोय, त्याला महिन्याचे पैसे ठरवून दिलेत.

सिस्टर, टाका काढलेल्या जागी आता काय बघायचं?

मंगळवारपेठ_सिस्टर

चांगलं केलंस. आज आणि उद्या थोडं टोचल्यासारखं वाटेल, ते कमी कमी होत गेलं पाहिजे. वाढलं, किंवा त्या जागी पांढरट डाग दिसला, किंवा डोळ्यातून एकदम गरम पाणी ओघळल्यासारखं वाटलं, तर दोन दिवस थांबायचं नाही. टाका काढल्यावर कधी कधी शरीर बुबुळ नाकारायला बघतं, म्हणून स्टेरॉइडची एकही वेळ चुकवू नकोस. अँटिबायोटिक जितके दिवस लिहिलंय तितके दिवस पूर्ण घाल, डोळा बरा दिसला तरी. फोडलेल्या नव्या बाटलीवर आजची तारीख लिही. आणि जुनी अँटिबायोटिकची उरलेली बाटली फ्रिजच्या दारात असेल, ती आज टाकून दे.